तीन मीटर चौरस

आमच्या घरी सलग पाच रविवार एकच माणूस गणितात नापास होत होता, आणि तो माझा नवरा होता. वय सत्तावन्न, धंदा रंगाऱ्याचा, केसांत कायम कुठल्या ना कुठल्या भिंतीचा ठिपका. वर्ग भरायचा बाहेरच्या खोलीत, सकाळी दहाला. विद्यार्थी रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसायचा, शिक्षिका कपाटाच्या दारापाशी उभी राहायची आणि मी खिडकीत वह्या शिवत असायचे. मी बाइंडिंगच्या कारखान्यात आहे, रविवारी थोडं काम घरी आणते. त्यामुळे या वर्गाचा एकही तास माझ्या नजरेतून सुटलेला नाही. झालं ते मीच सांगितलेलं बरं, कारण बाकीचे दोघे आपापल्या सोयीनं सांगतात.

शिक्षिका म्हणजे आमची एकुलती एक लेक. तिला तिचे बाबा ती चार वर्षांची असल्यापासून 'बाई' म्हणतात, कारण तेव्हा ती उशांना ओळीनं बसवून पाढे विचारायची आणि उशा गप्प राहिल्या की त्यांना बडवायची. पुढे ती खरोखरच गणिताची बाई झाली. अक्षर मोत्यासारखं, हिशेब तोंडावर, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. हा राग माझ्याकडून आला असं हे म्हणतात. असेल. पण उशांना बडवायला मी शिकवलं नव्हतं.

तर बाई एका शाळेत वर्षभर तात्पुरत्या नोकरीवर होती. कायमची जागा एकच होती आणि त्यासाठी नमुना पाठ द्यायचा होता, म्हणजे मागे मुख्याध्यापिका वही घेऊन बसणार आणि पुढे बाई सातवीच्या वर्गाला शिकवणार. पहिला पाठ तिनं दिला आणि तो पडला. मुख्याध्यापिकांनी नंतर तिला बोलावून सरळच सांगितलं की विषय तुम्हाला उत्तम येतो, पण मूल चुकलं की तुम्ही लगेच पुढच्या मुलाकडे वळता. बरोबर उत्तर मिळेपर्यंत वळतच राहता. चुकलेलं मूल तिथंच उभं राहतं. त्यांनी तिला आणखी एक संधी दिली, सहा आठवड्यांनी, त्याच विषयावर. तिसरी मिळणार नाही हेही सांगितलं.

घरी येऊन बाई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाली की आता नाही जमलं तर मी पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही, लाद्यांच्या दुकानात हिशेबाला माणूस हवाय, तिथं जाईन. आमची मुलगी बोलते ते करते. एकदा दुधावरची साय खाणार नाही म्हणाली होती, ती आजतागायत खाल्ली नाही. जी मुलगी उशांनाही शिकवल्याशिवाय राहिली नाही, ती दिवसभर लाद्यांच्या पावत्या करत बसलेली मला डोळ्यांसमोर आणवेना.

घरच्या वर्गाची कल्पना ह्यांची. म्हणाले, "शाळेत तुझ्यापुढे चाळीस मुलं असतात. एक चुकला की दुसऱ्याकडे वळता येतं. इथं मी एकटा. माझ्याकडून वळून जाशील कुठं? आईकडे?" मी लगेच सांगून टाकलं की मला यात ओढायचं नाही, माझ्या डझनभर वह्या शिवायच्या राहिल्यात.

पाठ होता क्षेत्रफळाच्या एककांचा. चौरस मीटरचे चौरस सेंटीमीटर करायचे, चौरस सेंटीमीटरचे परत चौरस मीटर, शेवटी हेक्टर. आमच्या घरात हा विषय म्हणजे गंमतच, कारण आमच्याकडे क्षेत्रफळ डब्यांत मोजतात. ह्यांना कुठलीही खोली दाखवा, दारातून एकदा नजर फिरवतील आणि सांगतील, दोन डबे. आमची बाहेरची खोली सव्वा डबा. शेजाऱ्यांचा जिना अर्धा. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी छताकडे बघितलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, तीन डबे लागतील, दोन हात मारावे लागतील. आणि अंदाज कधी चुकायचा नाही. काम संपलं की डब्याच्या तळाशी पेलाभर रंग उरलेला, फार तर दीड.

पहिल्या रविवारी बाईनं विचारलं, एक चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटीमीटर. हे थाटात म्हणाले की एक मीटरचे शंभर सेंटीमीटर, तेव्हा एक चौरस मीटरचे शंभर चौरस सेंटीमीटर. बाई म्हणाली, चूक, दहा हजार, पुढचा सांगा. आणि मग तिच्या लक्षात आलं की पुढचा कुणी नाहीच. पुढे डब्यावर तेच बाबा बसलेले, तोंड उघडं टाकून. तिनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. प्रत्येक वेळी आधी म्हणायची, "सोपं आहे हो बाबा." तीनदा ऐकून मला राहवलं नाही. मी म्हटलं, सोपं आहे म्हटल्यानं ज्याला येत नाही त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होतं, हे तुम्हा शिकलेल्यांना कधी कळणार. बाई माझ्यावर भडकली, मी तिच्यावर, आणि हे दोघींमध्ये बसून चहाची वाट बघत राहिले.

शेवटी मीच खाकी कागदाचा मोठा ताव काढला आणि मीटरभर लांब, मीटरभर रुंद असा तुकडा कापून दिला. बाईनं त्याच्या खालच्या कडेला सेंटीमीटर सेंटीमीटरचे चौकोन आखले. आखायलाच अर्धा तास गेला, तेवढ्यात तिचा राग उतरला. मग तिनं विचारलं की ही एक रांग, हिच्यात चौकोन किती. शंभर. अशा रांगा वरपर्यंत किती बसतील. ह्यांनी कागदाच्या उभ्या कडेवरून बोट फिरवलं. ओठ हलले. "शंभर रांगा," ते म्हणाले, "म्हणजे शंभर शंभरदा." आणि थोड्या वेळानं दबक्या आवाजात, "अरे, दहा हजार." त्यांना कळलं होतं. पंचवीस वर्षं उलटून गेली लग्नाला, ह्यांना काय कळलं आणि काय नाही ते मला चेहऱ्यावरून कळतं.

म्हणूनच दुसऱ्या रविवारी हे पुन्हा शंभर म्हणाले, तेव्हा माझा हात सुईसकट थांबला. बाईनं कपाळावर हात मारला. पुन्हा कागद, पुन्हा रांगा. पण मी मधल्या बुधवारी स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलीनं लिहिलेलं बघितलं होतं. ह्यांना कागदावर गणित करायची सवय नाही, भिंतीवर करतात, नंतर त्यावरून रंग मारला की झालं. दारामागे ह्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: पंचेचाळीस हजार चौरस सेंटीमीटर, बरोबर साडेचार चौरस मीटर. उत्तर अगदी बिनचूक होतं.

वर्ग सुटल्यावर मी ह्यांना आत गाठलं आणि विचारलं की हे सोंग कशासाठी. आधी कानावर हात ठेवले. मग मी दार ओढून मागचं गणित दाखवलं, तेव्हा पितळ उघडं पडलं. म्हणाले, "बरोबर उत्तर देणारे तिला पुष्कळ मिळतील. तिला चुकणारा माणूस पाहिजे. मी आहे ना." मी एवढंच म्हटलं की चहा गार होतोय.

एकदा गुपित फुटल्यावर ह्यांना भलताच चेव आला. एकट्याच्या डोक्यातून किती चुका निघणार, म्हणून कामावर जेवणाच्या सुट्टीत एकेकाला गाठून गणित घालायचे आणि त्यांची चुकीची उत्तरं पॉलिश पेपरच्या पाठीवर लिहून आणायचे. गवंडी म्हणाला की सेंटीमीटर लहान असतो, म्हणून आकडाही लहानच होणार, तेव्हा भागा. वायरमन म्हणाला, दोन शून्यं द्या, कसलंही असो, दोन शून्यं द्यायची. लादीवाला म्हणाला की आधी फरशी दाखव, मग सांगतो. सुतारावर मात्र हे नाराज होते. "तो प्रत्येक वेळी बरोबर सांगतो," मला म्हणाले, "त्याचा काडीचा उपयोग नाही."

या सगळ्या चुका हे रविवारी आपल्या म्हणून सादर करायचे, आणि जीव ओतून. पेन्सिलीनं डोकं खाजवायचं, छताकडे बघायचं, मग अकलेचे तारे तोडायचे. मला हसू आवरायचं नाही, मी दोरा तोंडात धरून बसायचे. एकदा तर सांगावं लागलं की जरा कमी खाजवा, तिला वाटेल उवा झाल्यात.

पण त्या चुकांचं काहीतरी होत होतं. गवंड्याची चूक आली त्या रविवारी बाई ओरडायला तोंड उघडून थांबली. तिला बहुधा प्रश्न पडला असावा की माणूस शंभरानं भागेलच कशाला. आणि तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "कसं काढलंत, बाबा?" ह्यांनी गवंड्याचं म्हणणं सांगितलं. ती विचारात पडली. मग माझ्यापुढची एक वही उचलून म्हणाली, आई ही वही मोठ्या पानांची केली तर पानं किती लागतील आणि लहान पानांची केली तर किती. मी म्हटलं, तेवढ्याच मजकुराला लहान पानं जास्त लागतात, हे काय विचारणं झालं. ती ह्यांच्याकडे वळली. हे म्हणाले, "हां. माप लहान, तर नग जास्त." बाईचा चेहरा असा उजळला की मी तो कधी बघितला नव्हता, पदवी मिळाली तेव्हाही नाही. त्यानंतर ती प्रत्येक उत्तराला, बरोबर असो वा चूक, आधी तेच विचारायची. चौथ्या रविवारी तर वायरमनच्या दोन शून्यांवर दोघांनी पाऊण तास घालवला आणि बाईचा आवाज एकदाही चढला नाही.

मग आला पाचवा रविवार. पाठ पुढच्या शुक्रवारी होता, म्हणजे हा शेवटचाच वर्ग. बाईनं ठरवलं की आज पूर्ण पाठ सुरुवातीपासून घ्यायचा. ह्यांनीही मला आधी सांगून ठेवलं होतं की आज एकच चूक करणार, बाकी सगळं बरोबर, म्हणजे पोरीला हुरूप येईल. तसंच चाललं होतं. चौरस मीटर, चौरस सेंटीमीटर, इकडून तिकडे, तिकडून इकडे. वायरमनची ती एक चूक करून झाली, ती बाईनं हसत हसत निस्तरली.

मग तिनं विचारलं, "एक खोली तीन मीटर चौरस आहे. तिची जमीन किती चौरस सेंटीमीटर?"

हे पटकन म्हणाले, "तीस हजार."

मला वाटलं, आणखी एक सोंग. ठरल्यापेक्षा जास्त झालं, म्हणून मी डोळे मोठे केले. पण ह्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. हात डोक्याकडे गेला नव्हता, नजर छताकडे नव्हती. उलट शाबासकी मिळणार म्हणून हे बाईकडे बघत होते.

"कसं काढलंत?" बाईनं विचारलं.

"तीन मीटर चौरस, म्हणजे तीन चौरस मीटर. एकाचे दहा हजार, तिनाचे तीस हजार."

"तीन मीटर चौरस आणि तीन चौरस मीटर, दोन्ही एकच का?"

"शब्द इकडचा तिकडे," हे म्हणाले. "माणूस तोच." आणि मग तिचा चेहरा बघून हे हात मांडीवर पुसायला लागले. हे खरोखर अडले की असे हात पुसतात, हातांना काही लागलेलं नसलं तरी. म्हणाले, "एकच ना ते?"

महिन्यापूर्वी बाईनं नऊ चौरस मीटर, नव्वद हजार, पुढचा, असं म्हणून टाकलं असतं. आज ती माझ्याकडे आली आणि हळूच विचारलं की खाकी कागद किती आहे. मी गठ्ठाच दिला. दोघींनी मिळून मीटर मीटरचे तुकडे कापले, किती लागणार ते मला माहीत होतं, पण ती दहा-बारा कापू म्हणाली. मग दिवाण स्वयंपाकघरात ढकलला, कपाट दाराच्या पलीकडे सरकवलं, डबा उचलला आणि जमीन मोकळी केली.

"तीन चौरस मीटर मांडा," तिनं ह्यांना सांगितलं. ह्यांनी भिंतीलगत तीन कागद एकापुढे एक मांडले. तिनं विचारलं की लांबी किती झाली. तीन मीटर. मग म्हणाली, "आता हे चौरस दिसतंय का?"

हे बघत राहिले. "नाही," म्हणाले. "हा तर पट्टा झाला."

"मला तीन मीटर चौरस पाहिजे. चौरस होईपर्यंत मांडा."

हे गुडघ्यांवर बसले. पट्ट्याशेजारी आणखी तीन कागद लावले, बघितलं, आणखी तीन लावले. मग उठून दारात गेले, जिथून ते खोल्यांचे डबे ठरवतात त्या जागी उभे राहिले आणि बोटानं मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. बाईनं उत्तर विचारलं नाही. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या होतो, कारण उभं राहायला दुसरी जागाच नव्हती.

"नऊ," हे म्हणाले. मग एकदम, "म्हणजे सहा मीटर चौरसचे छत्तीस होतात."

"हो," बाई म्हणाली. "पण मी सहाचं विचारलं नव्हतं, बाबा."

"मला विचारलं होतं," हे म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होते. आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा हे ज्या ठेकेदाराकडे होते, तिथं मुकादमाच्या जागेसाठी लेखी परीक्षा होती. ह्यांनी मला नेहमी सांगितलेलं असं की परीक्षेला गेलोच नाही, वाटेत बागेत बाकावर डोळा लागला, आणि तसंही खुर्चीत बसून काम करणं आपल्याला जमायचं नाही. मी ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. आमच्या साहेबांना मुकादमपद चालून आलं होतं, साहेब बाकावर घोरत होते. पाहुणे हसायचे, हेही हसायचे.

तर हे परीक्षेला गेले होते. पहिलाच प्रश्न होता, सहा मीटर चौरस सभागृहाच्या छताचं क्षेत्रफळ किती आणि त्याला रंग किती लागेल. ह्यांनी लिहिलं, सहा चौरस मीटर. पुढचे सगळे उपप्रश्न त्यावरच बेतलेले, तेही गेले. पेपर तपासणाऱ्यानं चारचौघांत तो कागद वाचून दाखवला आणि विचारलं की हे सभागृह आहे की न्हाणीघर. सगळे हसले.

"एवढ्या मोठ्या छताला चार डबे लागतील हे मला डोळे मिटून कळत होतं," हे म्हणाले. "पण मला वाटलं, कागदावरचं गणित वेगळं असतं. त्याचे नियम वेगळे. आपल्याला ते येत नाही." मग कागदांकडे बघून म्हणाले, "का हसले ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

बाई कागदांवरून चालत त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली. मी जागची हलले नाही. किती घरांत, किती जणांपुढे मी ती बाकाची गोष्ट रंगवून सांगितली होती ते माझ्या डोळ्यांपुढून जात होतं. मग मी कागद गोळा करायला लागले, कारण दुसरं काय करावं ते कळेना. बाई म्हणाली, ते फेकू नकोस, मला शुक्रवारी लागतील.

शुक्रवारी ती चार वाजता घरी आली, चपला न काढता दिवाणावर बसली आणि म्हणाली की गेलं सगळं. पाठ अर्धाच झाला. हेक्टरपर्यंत पोचलेच नाही.

झालं होतं असं. सुरुवात छान झाली, मुलं उत्तरं देत होती. मग तिनं फळ्यावर लिहिलं, एका खोलीची जमीन पाच मीटर चौरस आहे, तर चौरस सेंटीमीटर किती. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ही मुलगी वर्षभर हात वर करत नव्हती, विचारलं तरी मान खाली घालायची. ती उठली आणि म्हणाली, पन्नास हजार. इतर मुलांचे हात लगेच वर, अडीच लाख, बाई, अडीच लाख. मागे मुख्याध्यापिका वहीत लिहीत होत्या. घड्याळात अठरा मिनिटं उरलेली.

बाईनं विचारलं, कसं काढलंस. मुलगी म्हणाली, पाच मीटर चौरस म्हणजे पाच चौरस मीटर. वर्ग हसला.

"मी त्यांना म्हटलं, हसू नका," बाई आम्हाला सांगत होती. "म्हटलं, मी एका माणसाला ओळखते. तो खूप हुशार आहे. याच उत्तराला लोक त्याला हसले होते, आणि मग त्यानं कितीतरी वर्षं पुन्हा कुणाला काही विचारलं नाही."

हे खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, मग पुढे.

पुढे बाकं सरकवली. त्या मुलीनं आमचे खाकी कागद जमिनीवर मांडले, ते संपले तेव्हा मुलांनी खडूनं चौकोन आखले. पाचाचा पट्टा झाला, मग दुसरा, मग तिसरा. मुलगी मोजत होती, चुकत होती, परत मोजत होती. पंचवीस म्हणाली तेव्हा घंटा झाली. मुख्याध्यापिका काही न बोलता वही मिटून निघून गेल्या.

"एका मुलीवर अठरा मिनिटं घालवली," बाई म्हणाली. "उरलेल्या एकोणचाळीस जणांचा पाठ बुडाला."

ह्यांनी एवढंच विचारलं, "तिला कळलं का?"

"कळलं. अडीच लाख तिनंच सांगितलं, जाता जाता."

"मग झालं की," हे म्हणाले. पण झालेलं नव्हतं, ते तिघांनाही माहीत होतं. शनिवार, रविवार, सोमवार असेच गेले. बाईनं लाद्यांच्या दुकानात फोन करून जागा अजून आहे का ते विचारून ठेवलं. मी कामावर उलट्या घड्या घातल्या, बारा वह्या उसवाव्या लागल्या.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा हे मागच्या पडवीत ब्रश धूत होते. बाई फोनवर नुसतं हो, हो, हो म्हणत होती. मग फोन ठेवून तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. ती म्हणाली, आई, जागा मिळाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या की पाठ अपुरा राहिला हे खरं, तो पुढच्या तासाला पुरा करा. पण त्या मुलीनं सोमवारी पुन्हा हात वर केला. इतिहासाच्या तासाला.

मी धावतच पडवीत गेले आणि ह्यांना सांगितलं. हे बादलीतला ब्रश खालीवर करत राहिले, आणि ह्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायला हात ओले होते. मी पदरानं पुसलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मी पास झालो असतो, तर तिला ही मुलगी कळली नसती."

मला दिवसभरात शंभर उत्तरं सुचतात. तेव्हा एकच सुचलं, आणि ते मी तिथल्या तिथे बोलून टाकलं, नाहीतर परत बोलणं झालं नसतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "त्या बाकावरून मी तुम्हाला इतकी वर्षं चिडवलं."

"मला बरं वाटायचं त्यानं," हे म्हणाले. "तू झोपाळू म्हणायचीस. ढ म्हणाली असतीस तर मला सहन झालं नसतं."

मी त्यांच्या शेजारी बसले, हातातला ब्रश काढून घेतला आणि उरलेले दोन मीच धुऊन टाकले.